स्क्विड प्रॉक्सी नीट उभी करण्याचा क्रम: कागदावरच्या तयारीपासून लॉगपर्यंत

स्क्विड हे प्रॉक्सी सॉफ्टवेअर आहे, म्हणजे संस्थेतली मशीन आणि इंटरनेट यांच्या मध्ये बसून साइटच्या मागण्या पुढे पाठवणारे. ते बसवायला फार वेळ लागत नाही, आणि बसवल्याबरोबर ते चालूही होते. गोंधळ त्यानंतर सुरू होतो. बंदी घातलेली साइट उघडतच राहते. ज्यांना परवानगी दिली त्यांनाच नकार मिळतो. पासवर्डची खिडकी पुन्हा पुन्हा समोर येते. एखाद्या सकाळी डिस्क भरते आणि सगळ्या संस्थेचे इंटरनेट बंद पडते. या तक्रारी खणत गेले की बहुतेक वेळा क्रमाची चूक हाती लागते: नियम चुकीच्या क्रमाने लिहिलेले असतात, नाहीतर कामे चुकीच्या क्रमाने केलेली असतात. म्हणून इथे प्रत्येक टप्प्यावर आधी काय आणि नंतर काय, यावरच भर आहे.

उदाहरणासाठी एक मध्यम आकाराचे कॉलेज धरू. दोन संगणक प्रयोगशाळा आहेत, १९२.१६८.१०.०/२४ आणि १९२.१६८.२०.०/२४. कार्यालय १९२.१६८.३०.०/२४ वर आहे. प्रॉक्सी सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.५ आणि त्यावर डेबियन किंवा उबंटू. आज्ञा आणि फाइलींची नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात ती इंग्रजी छोट्या अक्षरांत टाकायची, आणि जिथे मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे.

## टप्पा १: सर्व्हरला हात लावण्याआधी कागद घ्या

हा टप्पा सगळे गाळतात आणि पुढचा निम्मा त्रास तिथूनच येतो. कागदावर चार गोष्टी लिहून काढा.

पहिली, प्रॉक्सी कशासाठी हवी आहे: साइटवर नियंत्रण, कोण कुठे गेले याची नोंद, की बँडविड्थची बचत? बचत हेच मुख्य कारण असेल तर थांबून विचार करा. आज जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत आणि कूटबद्ध मजकूर स्क्विडला साठवता येत नाही. नियंत्रण आणि नोंद यांसाठी मात्र ते आजही उत्तम आहे.

दुसरी, कोणत्या नेटवर्कला काय मिळणार. "लॅबला सगळे, फक्त परीक्षेच्या वेळी विद्यापीठाची साइट" असे सरळ मराठी वाक्य लिहा. वाक्य नीट जमत नसेल तर नियमही जमणार नाही.

तिसरी, नियमातून कोणाला सूट. प्राचार्यांचे मशीन, बायोमेट्रिक हजेरीचे यंत्र, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर. यातल्या कित्येक यंत्रांना प्रॉक्सी भरायची सोयच नसते. ती आधी शोधा.

चौथी, सर्व्हरची घडी: कायमचा आयपी, चालणारे डीएनएस आणि बरोबर घड्याळ. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसीवर असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दहा वाजता लागू होणारा नियम मग दुपारी साडेतीनला लागू होतो.

तपासणी: सर्व्हरवर "टाइमडेटसीटीएल" चालवा. टाइमझोन आशिया/कोलकाता दिसला पाहिजे आणि घड्याळ सिंक झालेले दिसले पाहिजे.

## टप्पा २: बसवा, पण मूळ फाइल कमीत कमी बदला

"ॲप्ट इन्स्टॉल स्क्विड" झाल्यावर मुख्य फाइल /ईटीसी/स्क्विड/स्क्विड.कॉन्फ इथे मिळते. हजारो ओळींची आहे, पण बहुतेक टिपणेच आहेत. तिची एक प्रत घरच्या फोल्डरमध्ये ठेवा.

स्वतःचे नियम मुख्य फाइलमध्ये कोंबू नका. त्याच जागी कॉन्फ.डी नावाचे फोल्डर आहे. त्यात "१०-कॉलेज.कॉन्फ" अशी फाइल करा. मुख्य फाइल हे फोल्डर नेमक्या योग्य जागी वाचते: धोकादायक पोर्ट अडवणाऱ्या मूळ नियमांनंतर आणि शेवटच्या "डिनाय ऑल"च्या आधी. तुमचे नियम वेगळ्या फाइलमध्ये असले की सॉफ्टवेअर अद्ययावत होतानाही ते सुरक्षित राहतात.

सावधान: या फोल्डरमध्ये .कॉन्फने संपणारी प्रत्येक फाइल वाचली जाते. "जुने-नियम.कॉन्फ" नावाने तिथेच बॅकअप ठेवला तर तेही नियम लागू होतात. नवी फाइल कितीही बदला, फरक दिसत नाही, तेव्हा सर्वात आधी हे फोल्डर उघडून पाहा.

एक बदल मात्र मुख्य फाइलमध्येच करायचा. "एचटीटीपी_पोर्ट ३१२८" ही ओळ "एचटीटीपी_पोर्ट १९२.१६८.१.५:३१२८" अशी करा, म्हणजे स्क्विड फक्त आतल्या पत्त्यावर ऐकेल. ही ओळ वेगळ्या फाइलमध्ये लिहिली तर पहिली रद्द होत नाही, दुसरी जास्तीची तयार होते.

## टप्पा ३: फायरवॉल, दोन्ही बाजूंनी

नियम लिहिण्याआधीच हे काम करा. बाहेरून कोणीही वापरू शकेल अशी उघडी प्रॉक्सी शोधणारी यंत्रे इंटरनेटवर सतत फिरत असतात. तुमची प्रॉक्सी त्यांच्या हाती लागली तर स्पॅम आणि हल्ले तुमच्या आयपीच्या नावावर जमा होतात.

सर्व्हरवर ३१२८ पोर्ट फक्त १९२.१६८.०.० ते १९२.१६८.२५५.२५५ या आतल्या पट्ट्यासाठी उघडा. यूएफडब्ल्यू (उबंटूची सोपी फायरवॉल) वापरत असाल तर ते सुरू करण्याआधी एसएसएचला, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या वाटेला, परवानगी द्या, नाहीतर तुम्हीच सर्व्हरबाहेर अडकाल.

दुसरी बाजू राउटरवर असते आणि ती जास्त विसरली जाते. ब्राउझरमध्ये प्रॉक्सी भरली म्हणजे सक्ती झाली, असे नाही. विद्यार्थी सेटिंगमधून ती काढतो आणि थेट बाहेर जातो. लॅबच्या पट्ट्यांमधून बाहेर जाणारे टीसीपी ८० आणि ४४३, तसेच यूडीपी ४४३, राउटरवर बंद करा. बाहेर जायची मुभा फक्त प्रॉक्सी सर्व्हरला ठेवा. टप्पा १ मधल्या सूट असलेल्या यंत्रांसाठी इथे वेगळे नियम लागतील. मात्र हे राउटरवरचे कुलूप आत्ता लावू नका. तयार करून ठेवा आणि शेवटच्या टप्प्यात लावा.

## टप्पा ४: नियम लिहिणे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

नियमांचे दोन भाग असतात. "एसीएल" ओळी फक्त नावे ठरवतात: हा पत्ता म्हणजे लॅब, या साइट म्हणजे बंदी. त्यांच्यामुळे कोणी अडत नाही की सुटत नाही. निर्णय "एचटीटीपी_ॲक्सेस" ओळी देतात. नुसत्या एसीएल लिहून "ब्लॉक होत नाही" म्हणणारे बरेच भेटतात.

निर्णयाच्या ओळी स्क्विड वरून खाली वाचते आणि जी पहिली जुळेल तिथे थांबते. सोसायटीचा वॉचमन यादीत वरून नाव शोधतो आणि सापडल्यावर पुढचे पान उलटत नाही, तसेच. म्हणून आधी "अलाउ लॅब" आणि खाली "डिनाय बंदी" लिहिले तर लॅबसाठी बंदी कधीच लागू होत नाही.

एका ओळीतली नावे "आणि"ने जोडलेली असतात. एकाच एसीएलमधल्या किमती "किंवा"ने जोडलेल्या असतात. हा फरक पक्का डोक्यात बसवा. "एचटीटीपी_ॲक्सेस अलाउ लॅब ऑफिस" याचा अर्थ होतो, लॅबमध्येही आणि ऑफिसमध्येही असलेले मशीन. असे मशीन जगात नाही, म्हणून ती ओळ कधीच जुळत नाही. दोघांना सोडायचे तर दोन ओळी लिहा.

आपल्या कॉलेजची फाइल अशी होईल (एसआरसी म्हणजे मागणी करणाऱ्या मशीनचा पत्ता, डीएसटीडोमेन म्हणजे जिथे जायचे त्या साइटचे नाव):

एसीएल लॅब एसआरसी १९२.१६८.१०.०/२४ १९२.१६८.२०.०/२४
एसीएल ऑफिस एसआरसी १९२.१६८.३०.०/२४
एसीएल बंदी डीएसटीडोमेन "/ईटीसी/स्क्विड/बंदी.टीएक्सटी"
एसीएल विद्यापीठ डीएसटीडोमेन "/ईटीसी/स्क्विड/विद्यापीठ.टीएक्सटी"
एसीएल परीक्षा टाइम एमटीडब्ल्यूएचएफए १०:००-१३:००

एचटीटीपी_ॲक्सेस डिनाय बंदी
एचटीटीपी_ॲक्सेस अलाउ लॅब विद्यापीठ
एचटीटीपी_ॲक्सेस डिनाय लॅब परीक्षा
एचटीटीपी_ॲक्सेस अलाउ लॅब
एचटीटीपी_ॲक्सेस अलाउ ऑफिस

खालच्या पाच ओळी मोठ्याने वाचा. बंदीतली साइट कोणालाच नाही. लॅबला विद्यापीठाची साइट केव्हाही. परीक्षेच्या वेळी लॅबला बाकी काही नाही. इतर वेळी लॅबला सगळे. ऑफिसला सगळे. कागदावरच्या वाक्याशी हे जुळते का पाहा. आता दुसरी आणि तिसरी ओळ अदलाबदल करून वाचा. परीक्षेच्या वेळी विद्यापीठाची साइटच बंद झालेली दिसेल.

या फाइलमधले काही खड्डे:

वाराची अक्षरे मोठी लिहायची असतात आणि त्यात गुरुवार "एच" आहे व शनिवार "ए". "टी" म्हणजे मंगळवार, "एस" म्हणजे रविवार. शनिवारसाठी "एस" लिहिले की नियम रविवारी चालतो, म्हणजे कोणाला पत्ताच लागत नाही. वेळ मध्यरात्र ओलांडू शकत नाही. रात्री १० ते सकाळी ६ हवे असेल तर दोन एसीएल ओळी लिहा: २२:०० ते २४:०० आणि ००:०० ते ०६:००. नाव एकच ठेवा.

साइटच्या आधीचा टिंब महत्त्वाचा आहे. यादीत टिंबाने सुरू होणारे नाव मूळ साइट आणि तिच्या सगळ्या उपशाखा पकडते. टिंब नसेल तर तेवढे एकच नाव पकडले जाते, आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू किंवा मोबाइलची शाखा मोकळी राहते. एकाच यादीत दोन्ही रूपे ठेवू नका, स्क्विड तक्रार करते.

शब्दावरून साइट अडवण्याचा मोह टाळा. सट्ट्याच्या साइट थांबवायला यूआरएल_रेजेक्समध्ये "बेट" घातले की अल्फाबेट आणि डायबेटिसही अडतात. यादी मोठी झाली तरी चालेल, पण साइटची नावेच लिहा.

"लोकलनेट" हे नाव पुन्हा वापरू नका. मूळ फाइलमध्ये ते आधीच आहे आणि त्यात १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२, १९२.१६८.०.०/१६ हे सगळे खासगी पट्टे येतात. त्याच नावाची तुमची ओळ त्यात भर घालते, ते बदलत नाही. तुम्हाला वाटते एकच लॅब सोडली, प्रत्यक्षात सगळी इमारत सुटलेली असते.

तपासणी: कोणतीच ओळ जुळली नाही तर स्क्विड शेवटच्या ओळीच्या उलट वागते. शेवटची ओळ "डिनाय" असेल तर न जुळलेला मनुष्य आत येतो! म्हणून मुख्य फाइलच्या शेवटी "एचटीटीपी_ॲक्सेस डिनाय ऑल" शाबूत आहे याची खात्री करा.

## टप्पा ५: एचटीटीपीएसमध्ये काय दिसते, ते सगळ्यांना आधीच सांगा

एचटीटीपीएस साइटसाठी ब्राउझर स्क्विडला फक्त "या नावाच्या साइटपर्यंत बोगदा उघडून दे" असे सांगतो. या मागणीचे नाव कनेक्ट. स्क्विडला साइटचे नाव आणि पोर्ट कळतो. आतले पान, शोधलेला शब्द, पाहिलेला व्हिडिओ यातले काहीच कळत नाही.

यातून तीन गोष्टी निघतात. साइटच्या नावावरची बंदी एचटीटीपीएसवरही व्यवस्थित चालते. एखाद्या साइटचे एकच पान मात्र अडवता येत नाही. आणि बंदी लागली की वापरणाऱ्याला स्क्विडचे "ॲक्सेस डिनाइड" पान दिसत नाही, ब्राउझरचा स्वतःचा जोडणी अयशस्वी झाल्याचा संदेश दिसतो. मग "नेट बंद आहे" म्हणून फोन येतात. कार्यालयाला हे लेखी कळवून ठेवा.

बोगदा फोडून आतले वाचण्याची सोय स्क्विडमध्ये आहे. माझे स्पष्ट मत आहे की कॉलेजने किंवा छोट्या कार्यालयाने त्या वाटेला जाऊ नये. प्रत्येक मशीनवर स्वतःचे प्रमाणपत्र बसवावे लागते, लोकांचे बँकेचे व्यवहार तुमच्या सर्व्हरवर उघडे होतात, आणि ती गुप्त किल्ली चोरीला गेली तर सगळी मशीन एकदम धोक्यात येतात.

सावधान: वेळेचा नियम नवी मागणी येते तेव्हाच तपासला जातो. ९:५५ ला उघडलेला बोगदा १० वाजता आपोआप तुटत नाही. परीक्षेआधी लॅबमधले ब्राउझर बंद करून पुन्हा उघडायला लावा, किंवा १० वाजल्यावर स्क्विड एकदा रिस्टार्ट करा.

## टप्पा ६: पासवर्ड (लागत असेल तरच)

लॅबला पासवर्ड लावू नका, मुले एकमेकांचा वापरतात आणि नोंदी निरर्थक होतात. ऑफिससाठी उपयोग आहे.

पासवर्डची फाइल एचटीपासडब्ल्यूडी या साधनाने बनते. ते ॲपाची२-युटिल्स पॅकेजात मिळते. पहिल्या वापरकर्त्यासाठी "-सी" लावायचे, दुसऱ्यापासून कधीच नाही. "-सी" फाइल नव्याने बनवते, म्हणजे आधीची सगळी नावे पुसते. फाइल "प्रॉक्सी" या वापरकर्त्याला वाचता आली पाहिजे, इतरांना नको.

कॉन्फमध्ये आधी ऑथ_पॅरामच्या ओळी (पासवर्ड कसा तपासायचा हे सांगणाऱ्या), त्यानंतर "एसीएल लॉगिन प्रॉक्सी_ऑथ रिक्वायर्ड". शेवटचा शब्द मोठ्या अक्षरांत. हा क्रम उलटला तर स्क्विड सुरूच होणार नाही. मग ऑफिसची ओळ "एचटीटीपी_ॲक्सेस अलाउ ऑफिस लॉगिन" अशी करा. ओळ डावीकडून तपासली जाते. ऑफिस आधी असल्यामुळे बाकीच्यांना पासवर्ड विचारलाच जात नाही.

खिडकी पुन्हा पुन्हा येत असेल तर एखादी "डिनाय" ओळ पासवर्डशी जोडलेल्या एसीएलने संपते का ते शोधा. अशा ओळीवर स्क्विड नुसता नकार न देता पुन्हा पासवर्ड मागते. त्या ओळीच्या शेवटी "ऑल" जोडा, मागणे थांबते.

आणखी एक: साध्या बेसिक पद्धतीत पासवर्ड ब्राउझरपासून प्रॉक्सीपर्यंत कूटबद्ध न होता जातो. ईमेलचा किंवा पगाराच्या पोर्टलचा पासवर्ड इथे ठेवू नका, असे कर्मचाऱ्यांना बजावा.

## टप्पा ७: साठवण थोडक्यात

काहीच न बदलता स्क्विड फक्त मेमरीत साठवते, २५६ एमबी. बहुतेकांना तेवढे पुरते. डिस्कवर साठवण हवीच असेल तर कॅश_डीआयआर ओळ उघडा, पण त्या विभागाच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका. ६४-बिट सर्व्हरवर दर एक जीबी डिस्क-साठवणीच्या सूचीसाठी सुमारे १४ एमबी मेमरी वेगळी लागते. १०० जीबी दिले तर १.४ जीबी मेमरी नुसत्या सूचीत गेली. ओळ घातल्यावर स्क्विड थांबवून "स्क्विड -झेड" एकदा चालवायचे, म्हणजे फोल्डर तयार होतात. मगच सुरू करायचे.

## टप्पा ८: तपासा, मग लागू करा

प्रत्येक बदलानंतर, अगदी यादीत एक नाव वाढवले तरी, हाच क्रम ठेवा:

१. "सुडो स्क्विड -के पार्स" चालवा. "फेटल" किंवा "बंगल्ड" दिसले तर सोबत फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक असतो. ती ओळ दुरुस्त करा. "वॉर्निंग"ही वाचा, टिंबाच्या चुका तिथेच कळतात.
२. मगच "सुडो सिस्टिमसीटीएल रीलोड स्क्विड".

तपासणी न करता रीलोड केले आणि फाइलमध्ये चूक असली, तर चालू असलेले स्क्विडही बंद पडू शकते. रीलोडने काम होत असताना रिस्टार्ट करू नका. रिस्टार्टमध्ये सगळ्यांच्या जोडण्या तुटतात आणि स्क्विड जुन्या जोडण्यांसाठी ३० सेकंदांपर्यंत थांबते. त्या वेळात लोकांना वाटते सर्व्हर अडकला.

## टप्पा ९: चाचणी, आणि ती योग्य मशीनवरून

सर्व्हरवर बसूनच चाचणी करणे ही नेहमीची चूक. सर्व्हरचा पत्ता लॅबचाही नाही आणि ऑफिसचाही नाही, त्यामुळे तिथले उत्तर खरे नसते. लॅबमधल्या एका मशीनवर जा आणि "कर्ल -एक्स १९२.१६८.१.५:३१२८ -आय" यापुढे साइटचा पूर्ण पत्ता द्या. यातला एक्स छोटा आणि आय मोठा. परवानगीची साइट, बंदीची साइट, बंदीच्या साइटची एखादी उपशाखा, अशा तिन्ही तपासा. नंतर ऑफिसमधून. शेवटी मोबाइल डेटावरून सार्वजनिक आयपीच्या ३१२८ वर. तिथून काहीही उत्तर येता कामा नये.

त्याच वेळी सर्व्हरवर /व्हार/लॉग/स्क्विड/ॲक्सेस.लॉग उघडा ठेवा. "टीसीपी_टनेल/२००" म्हणजे एचटीटीपीएस बोगदा नीट चालला. "टीसीपी_डिनाइड/४०३" म्हणजे तुमच्या नियमाने अडवले. "टीसीपी_डिनाइड/४०७" पाहून घाबरू नका, पासवर्ड मागण्याची ती पहिली पायरी आहे. ती ओळ सतत येत राहिली तरच चूक आहे. ५०३ दिसला तर नियमांत शोधू नका. स्क्विड साइटपर्यंत पोहोचलेच नाही, डीएनएस आणि बाहेरची जोडणी पाहा. लॉगमध्ये काहीच आले नाही तर मागणी स्क्विडपर्यंत आलीच नाही: फायरवॉल किंवा ब्राउझरची सेटिंग. बोगद्याची नोंद मात्र तो बंद झाल्यावर पडते. चालू असलेला व्हिडिओ लॉगमध्ये लगेच दिसत नाही, त्याची वाट पाहावी लागते.

कोणता नियम जुळतोय हे कळेनासे झाले तर "डीबग_ऑप्शन्स ऑल,१ ३३,२ २८,९" ही ओळ घालून रीलोड करा. यातला "ऑल" मोठ्या अक्षरांत. कॅश.लॉगमध्ये प्रत्येक एसीएलची तुलना उतरते. कारण सापडल्याबरोबर ओळ काढा, लॉग झपाट्याने फुगतो.

## टप्पा १०: लॉग टिकवणे

डेबियनमध्ये लॉग रोज फिरवला जातो (जुना बाजूला ठेवून नवा सुरू होतो) आणि जुने फक्त दोन ठेवले जातात. म्हणजे मागच्या आठवड्यात काय झाले हे विचारले तर तुमच्याकडे उत्तर नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, आणि घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत. तुमची संस्था त्यात मोडत नसली तरी हा आकडा धरून चाला.

त्यासाठी /ईटीसी/लॉगरोटेट.डी/स्क्विड मध्ये "रोटेट २" चे "रोटेट १८०" करा. स्क्विडच्या सेटिंगमधली लॉगफाइल_रोटेट डेबियनमध्ये शून्य असते, ती तशीच राहू द्या. दोन्हीकडून फिरवाफिरवी झाली तर नोंदी हरवतात. मग आठवडाभर रोजच्या लॉगचा आकार पाहा आणि १८० दिवसांचा हिशेब मांडून जागा द्या. लॉगसाठी वेगळा डिस्क विभाग असेल तर उत्तम. लॉग हा लोकांच्या खासगी हालचालींचा कागद आहे, तो पाहण्याचा अधिकार एक-दोन माणसांनाच ठेवा.

## टप्पा ११: एका लॅबपासून सुरुवात

सगळीकडे एकदम लावू नका. एका लॅबमध्ये काही दिवस चालवा, लॉगमधले ४०३ वाचा, विनाकारण अडलेल्या साइट मोकळ्या करा. ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट आणि अँटिव्हायरसची नावे इथेच सापडतात. नंतर दुसरी लॅब, शेवटी ऑफिस. एखादा पट्टा स्थिरावला की त्याच पट्ट्यापुरते टप्पा ३ मधले राउटरचे कुलूप लावा. आणि ते लावण्याआधी हजेरीचे यंत्र व सीसीटीव्ही चालू आहेत का, हे स्वतः जाऊन बघून या.